समोरून येणारा आवाज

वासुभाऊंच्या गॅरेजात गाडी नेली की ते आधी गाडीकडे पाहत नसत. गाडी चालवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं हात पुसत विचारत, "का झालं?"

"समोरून आवाज येते."

"कोनता?"

"असा, खडखड."

"खडखड त समदेच सांगतेत. करून दाखवा."

मग भल्याभल्यांना भंडाऱ्यात, रस्त्याच्या कडेला, पानठेल्यावरच्या लोकांसमोर तोंडानं आवाज काढून दाखवावा लागे. एका बँकेच्या मॅनेजरसाहेबांना मी तिथं "कुईंक, कुईंक" करताना पाहिलं आहे. एका कंत्राटदारानं "धब" करून दाखवलं, तर वासुभाऊंनी विचारलं, "धब, का ढप?" कंत्राटदार बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, एकदा परत चालवून येतो. वासुभाऊ म्हणाले, "या." यात कोणाची थट्टा करण्याचा त्यांचा हेतू नसे. ते हसतही नसत. पानठेल्यावरचे हसू लागले की त्यांच्याकडे वळून म्हणत, "ऐकू द्या बावा."

गॅरेज म्हणजे नदीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक टिनाचं शेड, समोर कडुनिंब आणि निंबाला ठोकलेली पाटी: 'वासु मोटर्स. फक्त समोरचं काम होईल.' समोरचं काम म्हणजे पुढची दोन चाकं, त्यांना धरून ठेवणारे दांडे, त्या दांड्यांच्या सांध्यातले रबराचे बुश, शॉकअप आणि स्टेअरिंग. इंजिन येत नव्हतं असं नाही, पण ते हात लावत नसत. मागच्या चाकाचं काम तरी का करत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "एका मानसानं किती ऐकावं जी?"

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा भंडाऱ्यातले बरेच अधिकारी तिकडे गेले आणि जाताना जड सामान इथंच विकून गेले. सोफे विकले, कूलर विकले. त्यातल्या एकानं एक छोटी पांढरी मोटार विकली, ती मी घेतली. मी करडीच्या शाळेत शिकवत होते आणि घर भंडाऱ्यात होतं. यजमान जवाहरनगरला कारखान्यात नोकरीला. त्यांना न्यायला कारखान्याची बस येई. मला न्यायला कोणी येत नसे.

गाडी दहा-बारा वर्षं वापरलेली होती. तिसऱ्या महिन्यात डावीकडून "टक" सुरू झालं. नागपूरच्या एका गॅरेजवाल्यानं दोन्ही शॉकअप बदलले. टक तसंच. दुसऱ्यानं खालचे दांडे बदलले. टक तसंच, फक्त आता नव्या सामानातून येत होतं. यजमानांनी त्यावर उपाय म्हणून गाडीत टेपरेकॉर्डर बसवून घेतला. शेवटी शाळेतल्या शिपायानं वासुभाऊंचं नाव सांगितलं.

आम्ही दोघं गेलो. मी स्टेअरिंगवर, यजमान शेजारी. तोवर मी पाहिलेल्या प्रत्येक मिस्त्रीनं गाडीची विचारपूस यजमानांच्या खिडकीत जाऊन केली होती. वासुभाऊ माझ्या खिडकीशी आले. यजमानांनी सवयीनं सांगायला सुरुवात केली. वासुभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी कोन चालवते?"

"ही."

"मंग तुम्ही चहा घ्या."

यजमान चहा घ्यायला गेले. मी दहा वर्षं मुलांसमोर उभी राहून शिकवत होते. आपल्याला आता कशाची लाज वाटत नाही अशी माझी समजूत होती. "टक," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

"टक!"

"एकच?"

"कधी दोन. टक-टक."

"ब्रेक दाबल्यावर येते का नाही?"

हे मी कधी पाहिलंच नव्हतं. वासुभाऊंनी मान हलवली आणि गाडी रिकामी करायला सांगितली. हा त्यांचा नियम होता. जॅक, पाने, छत्र्या, वह्यांचा गठ्ठा, पाण्याचा डबा, सगळं निंबाखाली ताडपत्रीवर मांडलं. "अर्धे आवाज इथंच उतरतेत," ते म्हणाले. माझा उतरला नाही.

मग ते चपला काढून शेजारी बसले. अनवाणी पाय गाडीच्या तळाला टेकवले, एक तळवा दाराजवळच्या खांबावर ठेवला, डोळे मिटले. "चला. बोलू नका." त्यांचा रस्ता ठरलेला होता. आधी एक गतिरोधक, मग उखडलेला तुकडा, मग नालीवरची फरशी, मग पुलाकडचा उतार. गाडी टक-टक करत चालली होती. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "ब्रेकवर पाय ठेवा. दाबू नका. नुसता ठेवा."

मी ठेवला. खड्डा आला. काहीच वाजलं नाही.

"काढा."

टक.

"ठेवा."

शांत.

त्यांनी डोळे उघडले. "परत चला." गॅरेजात येऊन चाक काढलं आणि मला वाकून पाहायला लावलं. ब्रेकची पट्टी जागेवर दाबून धरायला तारेची एक बोटभर क्लिप असते. कोणीतरी चाक उघडलं होतं आणि परत बसवताना ती लावायची राहिली होती. पट्टी आपल्या खोबणीत सैल पडून वाजत होती. ब्रेकवर पाय ठेवला की ती धरली जाई, म्हणून आवाज थांबे. वासुभाऊंनी एका डब्यातून तशीच क्लिप शोधली, लावली आणि मला पुन्हा त्याच रस्त्यानं नेलं. कुठं काही वाजलं नाही.

"गेला!" मी म्हटलं.

"गेला नाही. आपल्या जागेवर बसला," वासुभाऊ म्हणाले आणि चपला घालून उतरले.

तेव्हापासून आठ-नऊ वर्षं ती गाडी त्यांच्याकडे जात राहिली. आवाज नसला तरी कधी कधी जात असे, कारण एखादा आवाज आपोआप बंद झाला तर ते त्यांना ताबडतोब कळवायचं असा त्यांचा हुकूम होता. "आपोआप आलेला आवाज आपोआप जात नाही, मॅडम. गेला त समजाचं, काहीतरी तुटून रस्त्यावर पडलं." एखादा बुश झिजला असला तर तो काढून मालकाच्या हातात देत. "हलवा." मालक हलवी. "हलते न?" "हलते." "हलाले नाही पाहिजे." एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. ते ऐकून डॉक्टर, वकील, तहसीलचे लोक, सगळे विद्यार्थ्यासारखे मान डोलावत.

ते कोष्ट्यांच्या घरातले. वडील, काका, सगळे हातमागावर. घरात दिवसभर मागाची ठकठक. त्यामुळंच तुमचा कान एवढा तयार झाला असेल, असं मी एकदा मोठ्या कौतुकानं म्हटलं. मला ते लिहिण्यासारखं वाटलं होतं. वासुभाऊ म्हणाले, "नाही जी. बाबा त साठीत बहिरे झाले. म्हनून मी पयालो." (पळून जाण्याला आमच्याकडे पयणं म्हणतात; 'ळ'चा 'य' होतो, गोळ्याचा गोया होतो.) तो विषय तिथंच संपला.

घर शेडच्या मागेच होतं. मुलगी गोंदियाला दिलेली, घरात दोघंच. वहिनी मला म्हणत, "घरात याहीचा आवाज ऐकाचा असंल त गाडीखाली जा लागते." पण त्याही कमी नव्हत्या. कोणी गाडी घेऊन आलं आणि आवाज काढायला लाजू लागलं की त्या कुंपणावरून म्हणत, "कराजी भाऊ, कोनी पाहून नाही राहिलं." आणि स्वतः पाहत उभ्या राहत.

मोहाडीचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. मराठीचे शिक्षक, अतिशय शिस्तीचे. रस्त्यावर तोंडानं आवाज काढणं त्यांना मान्य नव्हतं. म्हणून ते आवाज घरून रेघी कागदावर लिहून घेऊन आले. मी तेव्हा तिथंच होते. वासुभाऊंनी कागद वाचला. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'खट्. अर्ध्या क्षणाने खड्. दोन्ही अंत्य अक्षरांचे पाय मोडलेले.'

"गुर्जी, पाय मोडलेला म्हनजे?"

"म्हणजे उच्चार तिथंच तुटतो. पुढे घुमत नाही."

"घुमत नाही?"

"अजिबात नाही. घुमला असता तर मी पाय मोडला नसता."

वासुभाऊंनी कागद पुन्हा एकदा वाचला. "मंग लोखंडावर लोखंड नाही वाजत. मधात रबर आहे." ते गाडीखाली गेले, पहारीनं दांडा उचकून पाहिला आणि खालूनच म्हणाले, "बुश फाटला जी. डावीकडचा." गुरुजींना आश्चर्य वाटलं नाही. "व्याकरण," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. वासुभाऊंनी तो कागद टिनाच्या भिंतीत खोचून ठेवला. पुढे पाय मोडायचं चिन्ह मुलांना शिकवताना मी हेच उदाहरण देत असे, आणि मुलांना ते लक्षात राहत असे.

आता लग्नाची गोष्ट सांगते. तिच्यामुळं वासुभाऊंना बऱ्याच लोकांनी वेडं ठरवलं.

उन्हाळ्यातली सकाळ होती. परीक्षा संपल्या होत्या. तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे मागच्या सीटवर टाकून मी करडीला निघाले होते आणि जाता जाता चाकात हवा पाहायला गॅरेजात थांबले होते. तेवढ्यात झेंडूच्या माळांनी झाकलेली एक मोठी जुनी गाडी आत आली. तुमसरकडच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची. त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं, करडीला. नवरदेव बाशिंग बांधून मागं बसलेला. वऱ्हाडाची बस पुढे निघून गेली होती.

"थोडासा आवाज येऊन राहिला," शेठजी म्हणाले. "पाच मिनिटात पाहून द्या."

त्या दिवशी वासुभाऊंनी आवाज करून दाखवायला सांगितलं नाही. गाडी आत येतानाच त्यांनी तो ऐकला होता. त्यांनी जॅक लावला, पुढचं चाक वर उचललं, दोन्ही हातांनी वरून-खालून धरून हलवलं. मग शेठजींना बोलावलं. "हलवा." शेठजींनी नव्या धोतराला जपत हलवलं. चाक हललं.

"हे हलाले नाही पाहिजे," वासुभाऊ म्हणाले. "अंदर एक वाटी असते, अन् वाटीत गोया. त्या गोयावर सारं चाक उभं आहे. वाटी झिजली. गोया निघाला का चाक आडवं पडते. गाडी जाची नाही."

"वीस-पंचवीस किलोमीटर त जाचं आहे. हळू नेतो."

"हळू नेलं त हळू पडंल."

"मुहूर्त आहे हो, साडेअकराचा!"

वासुभाऊंनी पाना घेतला, चाकाचे नट खोलले, चाक काढलं आणि ते घरंगळत घराकडे घेऊन गेले. सगळ्यांना वाटलं, काही दुरुस्ती असेल. ते रिकाम्या हातानं परत आले.

"चाक कोठं आहे?"

"घरी."

"आना ना!"

"नाही आनत."

शेठजी ओरडले. मी पोलिसांना बोलावतो म्हणाले. वासुभाऊ म्हणाले, "बोलवा. तेबी हलवून पाहतीन." कोणीतरी घराकडे धावलं. वहिनींनी चाक स्वयंपाकघरात घेऊन आतून कडी लावली होती. "मले काही मालूम नाही, मी पोया लाटून राहिली," आतून आवाज आला.

या गोंधळात नवरदेव खाली उतरला. शांत मुलगा होता. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही करडीले जाऊन राहिल्या का?"

मी त्याला घेतलं. शेठजी मागं, पेपरांच्या गठ्ठ्यांमध्ये. बाशिंग छताला लागत होतं म्हणून नवरदेवानं ते काढून मांडीवर घेतलं. करडीच्या वेशीशी बँडवाले फुलांच्या गाडीची वाट पाहत उभे होते. त्यांच्यातल्या एकानं माझ्या बॉनेटवर हात मारला. "गाडी बाजूले घ्या बाई, नवरदेव येऊन राहिला."

नवरदेवानं खिडकीतून डोकं काढलं. "मीच आहो," तो म्हणाला.

लग्न वेळेवर लागलं. दुपारी दोनच्या सुमाराला फुलांची गाडी मांडवासमोर येऊन उभी राहिली. नागपूरहून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडून वासुभाऊंनी नवा जॉइंट मागवून घेतला होता आणि बसवून गाडी स्वतः आणली होती. त्यांनी किल्ली शेठजींच्या हातात दिली. शेठजी ती घेऊन मांडवात गेले. नवरीच्या वडिलांनी जेवायला बसा म्हटलं, तर "गॅरेज उघडं आहे," म्हणून वासुभाऊ चालत बसच्या थांब्याकडे गेले. शेठजी पुन्हा कधी त्यांच्याकडे आले नाहीत. नवरदेव मात्र पुढे स्वतःची गाडी घेतल्यावर नेमानं येत असे.

दुसऱ्या दिवशी मी वासुभाऊंना म्हटलं, "समजावून सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी. चाक लपवायचं काय कारण होतं?"

ते बराच वेळ एक नट रॉकेलमध्ये धूत राहिले. मग म्हणाले, "रविवारी आंबागडले येता का? तुमच्या गाडीचा नवा बुश लांब रस्त्यावर पाहाचा आहे."

माझ्या गाडीत कोणताही नवा बुश नव्हता. पण मी हो म्हटलं.

रविवारी यजमान मागच्या सीटवर झोपले आणि आम्ही तुमसरमार्गे आंबागडला गेलो. गावात शिरल्यावर यजमान जागे झाले आणि किल्ला पाहायला टेकडी चढून गेले. वासुभाऊंनी एका घरासमोर गाडी थांबवायला सांगितली. ओट्यावर एक साठीचे गृहस्थ बसले होते. एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ पुढे काढलेला. तो वाकत नव्हता. त्यांचं नाव बळीरामजी. एकेकाळी तुमसरच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते.

"गाडी आवाज करते का बाई?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मंग याले कायले आनलं?"

वासुभाऊ हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग दोघं धानाचं बोलले, तलावातल्या पाण्याचं बोलले, कोणाच्या तरी बैलाचं बोलले. वासुभाऊंनी बळीरामजींच्या तीनचाकी सायकलला तेल दिलं, चाकं फिरवून ऐकली आणि हात धुवायला विहिरीवर गेले.

ते दिसेनासे झाल्यावर बळीरामजी माझ्याकडे झुकले. "दर दोन-तीन महिन्यानं येते. पन माह्या पायाकडं पाहात नाही. सायकल पाहते, विहीर पाहते, पाय सोडून समदं पाहते. मी म्हनतो, पाह्य बावा एकदाव, पाहून घे. मनात काही नाही म्हनून दहादा सांगतलं त्याले. ऐकतच नाही."

मला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून मी नुसती मान हलवली.

परतताना मोहाडी मागं पडल्यावर वासुभाऊ आपणहून बोलू लागले. समोर रस्त्याकडे पाहत. मागं यजमान पुन्हा झोपले होते.

"तवा मी तुमसरले एका मिस्त्रीकडं कामाले होतो. हे बळीरामजी डॉक्टरची गाडी घेऊन आले. आंबागडले औषधं पोचवाची होती. मिस्त्री बाहेर गेला होता. गाडी आली तवाच मले टक ऐकू आलं. तेच टक, परवाच्या लग्नाच्या गाडीचं. जेवाची वेळ झाली होती. मी डबा उघडून बसलो होतो. ह्यानं विचारलं, भाऊ, चालंल का? मी म्हटलं, चालंल, उद्या आना."

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"आंबागडच्या अलीकडं चाक आडवं पडलं. गाडी धानाच्या बांधीत गेली. पाय स्टेअरिंगखाली सापडला. ऐकू नसतं आलं त गोष्ट वेगळी होती, मॅडम. मले आलं होतं."

"तुम्ही हे त्यांना सांगितलं?"

"दवाखान्यातच सांगतलं. त्यानं म्हटलं, तुले का माहीत होतं, किती दूर पुरंल तो गोया." वासुभाऊंनी तळवा गुडघ्यावर घासला. "शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं."

पुढे एक मोठा खड्डा आला आणि मी तो हळू उतरवला. वासुभाऊंनी कान दिला नाही. खिडकीबाहेर पाहत होते.

नंतर मी चाकाबद्दल कधी विचारलं नाही. आणि त्यांनीही मला पुन्हा आंबागडला चला म्हटलं नाही. ते बसनं जात. जायच्या दिवशी गॅरेजसमोर एक दगड आणि त्यावर रिकामा टायर ठेवलेला असे. आज गॅरेज बंद, हा त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

पुढे गाड्या बदलल्या. नव्या गाड्यांचं समोरचं काम शोरूमवाले अख्खं बदलून देऊ लागले. झिजलेला बुश एकटा बदलायची कोणाला सवड राहिली नाही. शहरात एक-दोघांनी मशिनी आणल्या. त्यावर गाडी उभी केली की चाकं आपोआप हलत आणि पडद्यावर आकडे येत. यावर वासुभाऊ काहीतरी कडू बोलतील असं पानठेल्यावर सगळ्यांना वाटत होतं. ते एक दिवस स्वतः जाऊन ती मशीन पाहून आले. "चांगली आहे," ते म्हणाले. "तिले जेवाची वेळ नाही." पानठेल्यावरचे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

माझी पांढरी गाडी मी एका जुन्या, आता मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याला विकली, तेव्हा वासुभाऊंनी शेजारी बसून त्याला त्या ठरलेल्या रस्त्यावरून दोन फेऱ्या मारायला लावल्या. उतरल्यावर मला म्हणाले, "पोरगा ब्रेक हळू दाबते. देऊन टाका."

एका पावसाळ्याच्या शेवटी निंबाखाली सलग दहा-बारा दिवस टायर दिसला. मी घरी चौकशीला गेले. वहिनी म्हणाल्या, बळीरामजी अंथरुणाला खिळले आहेत, हे तिकडेच आहेत. पाने-पकडींची पिशवी नेली आहे, का नेली त्यांनाच ठाऊक. नंतर बळीरामजी गेल्याचं कळलं. त्यांची सून काही कामानं भंडाऱ्याला आली होती, वहिनींना भेटायला थांबली. ती म्हणाली, वासुकाका दिवसभर पायथ्याशी बसून मामंजींचा पाय चेपत होते. वाकत नव्हता तोच. मामंजी म्हणत, "अजून वर, अजून वर. हां, तेथी." शेवटच्या दिवसांत दोघांचं एवढंच बोलणं झालं.

त्यानंतर महिन्याभरातच वासुभाऊ आणि वहिनी मुलीकडे गोंदियाला राहायला गेले. शेड पाडलं. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बळीरामजींच्या दिवसकार्याच्या दुसऱ्या सकाळी. पण तेव्हा मला ते शेवटचं आहे हे माहीत नव्हतं. मी तुमसरहून नव्या गाडीनं परत येत होते. देव्हाडीचं रेल्वेफाटक बंद होतं. पुढे एक जुनी खाजगी बस उभी होती, तिच्या उजवीकडे जागा होती म्हणून मी गाडी तिथं नेऊन लावली. मालगाडी जात होती, संपतच नव्हती. बसचं इंजिन चालू होतं आणि तिचा सगळा पत्रा थरथरत होता. काचा वाजत होत्या, दार वाजत होतं, छपरावरचा सामानाचा कठडा वाजत होता. आणि चौथ्या खिडकीत वासुभाऊ होते. डोकं गजाला टेकवलेलं, तोंड थोडं उघडं, मांडीवर पिशवी, दुपट्टा गळ्याभोवती. गाढ झोपले होते. बस हलली की डोकं गजावर आपटे. ते जागे होत नव्हते.

मी हॉर्नवर हात ठेवला आणि काढून घेतला.

फाटक उघडलं. मी बसला पुढे जाऊ दिलं. नंतर रस्ता बराच वेळ मोकळा होता, ओलांडून जाता आलं असतं. मोहाडी येईपर्यंत मी तिच्या मागंच चालवत राहिले.